जाहिरातीत एक, पेटीत दुसरी: शिकारीची रायफल वर्णनाशी जुळत नसेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियात बे एरियात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी हरणाच्या शिकारीसाठी .२४३ विंचेस्टर काडतुसाची नवी बोल्ट रायफल (नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट, म्हणजे दांडा, हाताने मागेपुढे करायची) दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याच्या संकेतस्थळावरून घेतली. जाहिरातीत नळी २४ इंच, नळीतला पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचा) ८ इंचांत एक फेरा, वजन साडेसहा पौंड आणि १०० यार्डांवर तीन गोळ्या एका इंचाच्या आत, अशी माहिती होती. रायफल स्थानिक परवानाधारक दुकानात आली आणि बंदूक ताब्यात मिळण्यापूर्वीची १० दिवसांची सक्तीची मुदत संपल्यावर त्यांनी ती घरी नेली. घरी मोजल्यावर नळी २२ इंच आणि वजन ७ पौंड २ औंस भरले. पीळही १० इंचांत एक फेरा असावा, असा त्यांना संशय आहे. अजून एकही गोळी झाडलेली नाही. ही फसवणूक आहे का, रायफल परत करता येईल का, आणि त्याआधी रेंजवर नेऊन एकदा झाडून पाहावी का, असे त्यांनी विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. कृपया एकही गोळी झाडू नका. बंदूक दुरुस्तीच्या आणि परवानाधारक दुकानाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि परत करण्याजोगा माल ग्राहकाच्या हातून परत न करण्याजोगा होताना मी बहुतेक वेळा याच एका कारणाने पाहिला आहे. कारखान्यातून निघताना रायफलीतून चाचणीच्या गोळ्या झाडलेल्या असतात, त्यामुळे नळीत थोडी काजळी दिसली म्हणून ती वापरलेली ठरत नाही. मात्र घरी वीस गोळ्या झाडलेली, दुर्बीण बसवून काढलेली, बोल्टवर घासल्याच्या ताज्या खुणा असलेली रायफल अनुभवी माणसाला लगेच ओळखू येते, आणि मग संभाषण 'आम्ही चुकीची वस्तू पाठवली का' यावरून 'तुम्ही ती वापरलीत' यावर घसरते.

जाहिरातीतल्या दाव्यांचे दोन प्रकार असतात, हे आधी नीट लक्षात घ्यावे. नळीची लांबी, पीळ, वजन, नळीच्या तोंडावरचे आटे, दस्त्याचे लाकूड किंवा सिंथेटिक पदार्थ, मॅगझिनमधली काडतुसांची संख्या, या गोष्टी एकही गोळी न झाडता पडताळता येतात. अचूकता मात्र झाडल्याशिवाय कळत नाही. पहिल्या प्रकारातली तफावत म्हणजे मागितली ती वस्तू मिळालीच नाही, अशी तक्रार. ती विक्रेत्याकडे, तत्काळ आणि न वापरलेल्या रायफलीसह करायची असते. दुसऱ्या प्रकारातली तक्रार ही निर्मात्याच्या हमीची बाब असते आणि तिला अटी असतात. दोन्ही तक्रारी एकाच पत्रात कालवल्या की विक्रेता दुसरीवर बोट ठेवून पहिलीला उत्तर देणे टाळतो.

आता मोजमापाकडे येऊ, कारण तक्रार करण्यापूर्वी आपले आकडे निर्विवाद असायला हवेत. घरात मोजताना सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा, बोल्ट उघडून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहा आणि करंगळी आत घालून ते रिकामे असल्याची खात्री करा. नळीची लांबी बाहेरून टेप लावून मोजली तर ती कमीच भरते, कारण नळीचा काही भाग रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याच्या) आत फिरवून बसवलेला असतो. खरी लांबी बंद बोल्टच्या तोंडापासून नळीच्या टोकापर्यंतची. त्यासाठी बोल्ट बंद करून सपाट टोकाची सळई नळीच्या तोंडातून बोल्टला टेकेपर्यंत हलकेच सरकवा, नळीच्या टोकाशी सळईवर बारीक खूण करा आणि बाहेर काढून तेवढे अंतर मोजा. आपण रिसीव्हरपासून मोजले असेल, तर सुमारे इंचभराचा फरक इथेच भरून निघेल. पूर्ण दोन इंचांचा मात्र निघणार नाही. दोन इंचांची तफावत बहुधा दुसरीकडून येते. नळीच्या तोंडावर आटे असलेल्या मॉडेलला कधीकधी धक्का कमी करणारा ब्रेक लावलेला असतो, आणि काही विक्रेते त्याची लांबी नळीत धरून जाहिरातीत लिहितात. फिरवून काढता येणारा ब्रेक नळीच्या लांबीत धरत नाहीत, अमेरिकी संघराज्याचे शस्त्रखातेही तो धरत नाही, त्यामुळे अशी जाहिरात चुकीचीच ठरते. तरीही तक्रारीत 'नळी दोन इंच कमी' एवढेच न लिहिता 'ब्रेक वगळता नळी २२ इंच' असे लिहिलेत, तर समोरच्याला पळवाट उरत नाही.

पीळ मोजणे थोडे नाजूक आहे, पण घरी जमण्यासारखे आहे. मूठ सैल फिरणारी क्लीनिंग रॉड घ्या, तिच्या टोकाला नळीत घट्ट बसेल असा कापडाचा तुकडा लावा आणि ती चेंबरच्या बाजूने काही इंच आत ढकला. आता सळईवर रिसीव्हरच्या मागच्या कडेशी एक खूण करा आणि त्याच ठिकाणी सळईच्या वरच्या बाजूला एक चिकटपट्टीचे निशाण लावा. सळई हळूहळू, एका दमात पुढे ढकलत राहिलात की कापड पिळाच्या खाचांमध्ये अडकून सळईला फिरवते. निशाण पूर्ण फेरा मारून पुन्हा वर आले की थांबा आणि त्याच कडेशी दुसरी खूण करा. दोन खुणांमधले अंतर म्हणजे पीळ. हे निदान तीन वेळा करा. कापड सैल असेल तर ते खाचांवरून घसरते, सळई कमी फिरते आणि अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त येते. म्हणून ८ चा पीळ सैल कापडामुळे ९ किंवा १० वाटू शकतो. तिन्ही वेळा आकडा दहाच्या अगदी आसपास आला आणि कापड खरोखर घट्ट असेल, तर आपला संशय बरोबर आहे. काही नळ्यांवर काडतुसाच्या नावाशेजारी पिळाचा आकडाही कोरलेला असतो. दस्त्याच्या कडेखाली तो झाकला गेलेला नाही ना, हे पाहून घ्या.

वजनाच्या बाबतीत मी आपल्याला थोडा धीर धरायला सांगेन. जाहिरातीतले वजन दुर्बीण, तिचे माउंट, पट्टा आणि कधीकधी मॅगझिनही वगळून दिलेले असते. शिवाय लाकडी दस्ता असेल तर एकाच मॉडेलच्या दोन रायफलींत काही औंसांचा फरक लाकडाच्या घनतेमुळेच पडतो. आपल्या रायफलीवर माउंट बसवून आले असेल तर ते काढून पुन्हा तोला. वजनाचा मुद्दा एकटा असता तर मी तो उचलायचा सल्ला दिला नसता. लांबी आणि पीळ दोन्ही चुकलेले असताना मात्र तो महत्त्वाचा दुवा ठरतो, कारण तिन्ही आकडे मिळून बहुधा एकाच मालिकेतल्या वेगळ्या मॉडेलकडे बोट दाखवतात.

म्हणून पुढची पायरी पेटीच्या बाजूवरच्या लेबलाची. त्यावर मॉडेलचे पूर्ण नाव, उत्पादनाचा क्रमांक, बारकोडखालचे अंक, काडतूस आणि बहुतेक वेळा नळीची लांबी छापलेली असते. लेबलवरचा अनुक्रमांक आणि रिसीव्हरवर कोरलेला अनुक्रमांक एकच आहे ना, हे आधी ताडून पाहा. मग तोच उत्पादन क्रमांक निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधा आणि विक्रेत्याच्या जाहिरातीतला क्रमांक त्याच्याशी लावून पाहा. यातून तीनपैकी एक गोष्ट निघेल. जाहिरातीतला क्रमांक वेगळा आणि पेटीवरचा वेगळा असेल, तर गोदामातून चुकीची पेटी उचलली गेली. हे प्रकरण सर्वांत सोपे, आणि बहुतेक विक्रेते ते निमूटपणे निस्तरतात. क्रमांक एकच, पण निर्मात्याच्या पानावर २२ इंच आणि १० चा पीळ असेल, तर विक्रेत्याने मालिकेतल्या दुसऱ्या मॉडेलचे वर्णन या मॉडेलला चिकटवले. हे फार वेळा होते, कारण शेकडो मॉडेलांची माहिती कोणीतरी एकाच साच्यातून भरत असतो. आणि क्रमांक एकच, निर्मात्याच्या पानावरही २४ इंच आणि ८ चा पीळ, पण हातातली रायफल वेगळी असेल, तर चूक कारखान्यातली आहे किंवा निर्मात्याने मध्येच तपशील बदलून पान जुनेच ठेवले आहे.

पहिल्या दोन प्रकारांना मी फसवणूक म्हणणार नाही, कारण फसवणूक सिद्ध करायला हेतू दाखवावा लागतो आणि त्याची आपल्याला गरजही नाही. चुकीची वस्तू आली एवढे दाखवणे पुरेसे आहे. पण पुरावा आजच जतन करा. विक्रेत्याच्या पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट, त्यावर तारीख आणि पत्ता दिसेल असा, निर्मात्याच्या पानाचा स्क्रीनशॉट, ऑर्डरची ईमेल, पावती, लेबलचा फोटो, आणि सळई व टेप एकाच चौकटीत दिसतील असे मोजमापाचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. तक्रार गेल्यावर ते पान दुरुस्त झालेले आढळणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि मग आपल्या आठवणीला काही किंमत राहत नाही.

आता या तफावतीने शिकारीत प्रत्यक्ष काय फरक पडतो, हेही सांगायला हवे. दोन इंच आखूड नळीमुळे गोळीचा वेग साधारण ४० ते ६० फूट प्रति सेकंद कमी होईल. काडतुसाच्या पेटीवर छापलेला वेग अशा काडतुसांसाठी २४ इंचांच्या चाचणी नळीतून मोजलेला असतो, त्यामुळे २२ इंचांच्या रायफलीत तो कधीच पूर्ण दिसत नाही, आणि तो रायफलीचा दोषही नव्हे. दोनशे यार्डांच्या आतल्या हरणाला हा फरक जाणवणार नाही. झुडपांच्या उतारावर चालताना आखूड नळी उलट सोयीची वाटते.

पिळाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती क्षुल्लक समजू नये. लांब गोळीला हवेत तोंड पुढे ठेवून सरळ जायला जास्त वेगाने फिरावे लागते, आणि ते फिरणे नळीचा पीळ ठरवतो. पिळाचा आकडा जितका लहान, तितकी गोळी जास्त फिरते. रेमिंग्टन कंपनीने १९५५ मध्ये .२४४ रेमिंग्टन हे काडतूस १२ इंचांत एक फेरा अशा पिळासह बाजारात आणले, आणि त्याच वर्षी विंचेस्टरने .२४३ हे काडतूस १० च्या पिळासह आणले. दोन्हींच्या गोळीचा व्यास तोच. पण हरणासाठी लागणारी १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी विंचेस्टरमध्ये स्थिर राही आणि रेमिंग्टनच्या नळीत तिची खात्री देता येत नसे. गिऱ्हाईक विंचेस्टरकडे गेले, आणि १९६३ मध्ये रेमिंग्टनला तेच काडतूस ९ च्या पिळासह ६ एमएम रेमिंग्टन या नव्या नावाने आणावे लागले. पिळाच्या एका आकड्याने चांगल्या काडतुसाचे असे नुकसान केले, म्हणून 'एवढ्याने काय होते' असे कोणी काउंटरवर म्हणाले तर ते मान्य करू नका.

कॅलिफोर्नियात हा मुद्दा आणखी टोकदार होतो. १ जुलै २०१९ पासून इथे कोणत्याही वन्य प्राण्याच्या शिकारीसाठी शिसे नसलेलेच काडतूस वापरावे लागते, म्हणजे व्यवहारात तांब्याची गोळी. शिशाची घनता दर घनसेंटीमीटरला ११.३४ ग्रॅम आणि तांब्याची ८.९६, त्यामुळे तितक्याच वजनाची तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा लांब होते आणि तिला जास्त पीळ लागतो. .२४३ मध्ये ८० ते ८५ ग्रेनच्या नेहमीच्या तांब्याच्या गोळ्या १० च्या पिळात सहसा नीट जातात, आणि हरणासाठी त्या पुरेशा आहेत. पण त्याहून जड आणि लांब गोळ्या वापरण्यासाठी म्हणूनच आपण ८ चा पीळ मुद्दाम निवडला असेल, तर हाती आलेली रायफल त्या कामाची नाही. गोळी अस्थिर असली की कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, चावीच्या छिद्रासारखे भोक पडते. तसे भोक पाडणारी रायफल आणि काडतुसाची जोडी शिकारीला नेणे हे प्राण्यावर अन्याय करणारे आहे. म्हणून आपली पिळाची गरज काय होती, हे तक्रारीत एका वाक्यात जरूर लिहा. कायद्याच्या भाषेत तफावत किती मोलाची आहे, हे त्यातून ठरते.

अचूकतेच्या हमीबद्दल आत्ता फार लिहीत नाही, कारण ती तपासण्याची वेळ आलेली नाही. एवढेच ध्यानात ठेवावे की अशी हमी सहसा तीन गोळ्यांची, १०० यार्डांवरची आणि निर्मात्याने मान्य केलेल्या उंची काडतुसांची असते. तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, पाच गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने लहानच येतो. स्वस्त काडतुसे, माउंटचे सैल स्क्रू किंवा दस्त्याला टेकणारी नळी यांमुळे चांगली रायफलही दोन इंचांत पसरते. रायफल ठेवायचे ठरले, तर मग दोन-तीन प्रकारची चांगली तांब्याची काडतुसे, प्रत्येक ग्रुपसाठी एकाच पेटीतली, थंड नळी आणि भक्कम आधार घेऊन हमी तपासा आणि प्रत्येक लक्ष्यकागद तारीख टाकून जपून ठेवा.

कायद्याची बाजू आपल्याला अनुकूल आहे. विक्रेत्याने वस्तूचे जे वर्णन करून ती विकली, ते वर्णन कॅलिफोर्नियाच्या व्यापारी संहितेच्या कलम २३१३ प्रमाणे स्पष्ट हमीच असते, त्यासाठी 'हमी' हा शब्द वापरलेला असण्याची गरज नाही. 'तपशील पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात' असे पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिल्याने नळीच्या लांबीचे ठळक विधान सहजासहजी पुसले जात नाही. मात्र कलम २६०२ आणि २६०७ वाजवी मुदतीत कळवण्याची जबाबदारी ग्राहकावर टाकतात, आणि आपण मालकासारखे वागलात, म्हणजे रायफल झाडली, ड्रिल केली किंवा दस्ता बदलला, तर ती स्वीकारली असे मानले जाण्याचा धोका असतो. स्वीकारल्यानंतरही तफावत मोठी असेल तर कलम २६०८ चा आधार उरतो, पण ती वाट लांबची आहे. ग्राहक उत्पादनांच्या सुरक्षेसाठी नेमलेल्या संघराज्याच्या आयोगाकडे जाण्यात वेळ घालवू नका. बंदुका आणि काडतुसे त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहेत.

आजच विक्रेत्याला ईमेल लिहा. त्यात ऑर्डर क्रमांक, रायफलीचा अनुक्रमांक, जाहिरातीतले आणि मोजलेले आकडे शेजारी शेजारी, फोटो, रायफल झाडलेली नाही हे विधान, आणि आपल्याला नेमके काय हवे, वर्णनाप्रमाणे रायफल की पूर्ण पैसे, हे लिहा. परत पाठवण्याचा खर्च आणि पुन्हा साठवणुकीची वजावट (माल परत घेताना विक्रेता कापतो ती रक्कम) त्यांच्याकडे राहील, हेही नम्रपणे पण स्पष्ट लिहा, कारण ती वजावट ग्राहकाचे मन बदलल्यावर लागू होते, चुकीचा माल आल्यावर नव्हे. उत्तरासाठी एक तारीख द्या. फोनवर बोलणे झाले तर त्याचा गोषवारा त्याच दिवशी ईमेलने पाठवा. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील, तर ज्या बिलात ती रक्कम आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत बँकेला लेखी हरकत कळवता येते, आणि ही मुदत विक्रेत्याशी चाललेल्या गोड पत्रव्यवहारासाठी थांबत नाही. राज्याच्या छोट्या दाव्यांच्या न्यायालयात व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, पण परराज्यातल्या विक्रेत्याला तिथे खेचणे अवघड जाते. आपल्या प्रकरणात बँकेची वाट जास्त भरवशाची आहे.

रायफल स्वतः पार्सल करू नका. ज्या दुकानातून ताब्यात घेतली, त्याच दुकानदाराला विक्रेत्याच्या लेखी मंजुरीसह ती परत पाठवायला सांगा. त्याच्या नोंदवहीत आवक-जावक नीट लागते, आणि वाहतुकीत काही झाले तर जबाबदारी स्पष्ट असते. पेटी, कुलूप, माहितीपुस्तिका आणि सुटे मॅगझिन, सगळे सोबत जायला हवे.

एक सूचना आपल्या व्हिसाच्या संदर्भात. आपण स्थायी रहिवासी असाल तर हा परिच्छेद सोडून द्या. एच-१बी सारख्या व्हिसावर असाल, तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगण्यास सर्वसाधारण मनाई आहे, आणि आपल्याला ती ठेवता येते ती वैध शिकार परवान्याच्या अपवादामुळे. कॅलिफोर्नियाचा शिकार परवाना ३० जूनला संपतो. हा वाद लांबून रायफल त्या तारखेनंतरही आपल्या घरी किंवा दुकानातून पुन्हा ताब्यात घेण्याच्या टप्प्यावर असेल, तर नव्या वर्षाचा परवाना आधी काढून ठेवा.

बदली रायफल मिळाली तर तिचा अनुक्रमांक वेगळा असेल. त्यामुळे बंदूक खरेदीचा संघराज्याचा नवा ४४७३ अर्ज, नवी पार्श्वभूमी तपासणी आणि पुन्हा १० दिवसांची मुदत यांची तयारी ठेवा. किनाऱ्यालगतच्या ए झोन या शिकार विभागातला हरणांचा रायफल हंगाम ऑगस्टमध्येच सुरू होतो, तेव्हा हे दिवस हिशेबात धरा. या वेळी मात्र अर्जावर सही करण्यापूर्वी दुकानातच लेबल वाचा, दुकानदाराला बोल्ट उघडून चेंबर दाखवायला सांगा आणि त्याच्या परवानगीने काउंटरवरच सळईने लांबी आणि पीळ मोजा. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही, बरेच जण तर स्वतःची सळई काढून देतात. तफावत तिथेच सापडली, तर रायफल आपल्या नावावर न चढताच परत जाते.